टाळी आणि वाटा

हा लेख लिहिण्यास एक निमित्त घडले. ते आधी सांगतो, विचार मागाहून करू.

भीमाकाठच्या एका गावी सप्ताहाच्या समाप्तीचे काल्याचे कीर्तन मजकडे होते. गावची मंडळी उत्साही. उपकेंद्रातील परिचारिका, आरोग्यसेवक आणि गावच्या आशाताई यांचा त्या दिवशी सत्कार करावा, असे पंचांनी ठरविले होते. शाल आणि श्रीफळ माझ्या हस्ते द्यावयाचे होते. मी दिले. चार शब्दही बोललो. "ही माणसे म्हणजे चालतेबोलते देव आहेत," असे काहीसे म्हणालो. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला, मृदंगावर थाप पडली. खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले.

कीर्तन आटोपून हंडी फुटावयाची, तोच आशाताईंना निरोप आला. वाडीवरची एक बाई अडली होती. त्या लगबगीने उठल्या आणि चपला शोधू लागल्या. मी सहज म्हटले, "बाई, काल्याचा प्रसाद तरी घेऊन जा." त्या म्हणाल्या, "नको महाराज, हंडी फुटून वाटप व्हायला अर्धा तास लागंल. तवर तिकडं काय तरी व्हायचं." मग हातातल्या शालीकडे पाहून हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, पण ही माझी अकरावी शाल हाय. घरात पांघरायला माणसं तीन. कोरोनापासनं टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या, फुलं झाली, शाली झाल्या. ह्याचा काही अर्थ असतो का हो? तुम्ही शास्त्र शिकलाय, म्हणून इचारते."

उत्तर ऐकण्यास त्या थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तरी मजजवळ उत्तर नव्हते. भर उन्हात त्या पायी वाडीकडे निघाल्या. मंडपाबाहेर वीसपंचवीस फटफट्या उभ्या होत्या. नुकत्याच टाळ्या वाजविलेल्यांपैकी एकालाही त्यांना सोडून यावे असे सुचले नाही, आणि "कोणीतरी सोडून या रे" एवढे म्हणावे असे मलाही सुचले नाही. ही गोष्ट मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचली. तेव्हापासून तो प्रश्न पाठ सोडीत नाही. कीर्तनकाराचे सगळे आयुष्य टाळ आणि टाळी यांच्या संगतीत जाते. टाळीचा अर्थ काय, हे जर त्याला सांगता येत नसेल तर त्याने गादीवर उभे राहू नये.

प्रश्न त्या एका गावापुरता नाही. आठवा तो २०२० सालचा मार्च महिना. २२ मार्च, रविवार, सायंकाळचे पाच. पंतप्रधानांच्या आवाहनावरून सगळा देश दारात, खिडकीत, गच्चीवर उभा राहिला आणि रोग्यांची सेवा करणाऱ्यांसाठी पाच मिनिटे टाळ्या, थाळ्या, घंटा वाजविल्या. पुढे ३ मे रोजी सैन्यदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडातही हेच चालले होते. लंडनमध्ये राहणाऱ्या एका डच बाईच्या सूचनेवरून २६ मार्चपासून दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन टाळ्या वाजवीत. त्यांचे पंतप्रधानही आपल्या दारात उभे राहून टाळ्या वाजवीत होते. असे दहा गुरुवार झाले. मग ज्या बाईने हा प्रघात पाडला तिनेच सांगितले की, आता हे थांबवावे. २८ मे रोजी ते थांबले.

आता पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणेल, "महाराज, ही सगळी सोंगे. टाळीने रोग जात नाही, पोट भरत नाही. टाळी वाजवायला पैसा पडत नाही, म्हणून लोक वाजवतात." हा पूर्वपक्ष आज फार लोकांच्या तोंडी आहे, आणि तो बोलणारा स्वतःला मोठा शहाणा समजतो. परंतु तो मला पुरता पटत नाही. त्या सायंकाळी मी दारात उभा होतो. समोरच्या माडीवर एक ऐंशीच्या घरातील आजी उभ्या होत्या. त्यांच्या हातात पितळी ताट आणि पळी होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांचा लेक परगावी दवाखान्यात कामाला. त्या ताट वाजवीत होत्या ते काय सोंग म्हणून? मनुष्याला शरीर आहे. मनात भाव उठला की शरीर हलते. हात जोडले जातात, मान लवते, डोळे भरतात. भाव शरीरात उतरू देऊ नका असे म्हणणे म्हणजे नमस्कार नको, आलिंगन नको, नुसते मनातल्या मनात प्रेम करा, असे म्हणण्यासारखे आहे. आपल्या संप्रदायात तर लहान पोरही पावलीबरोबर टाळी धरते. तेव्हा टाळी म्हणजे ढोंग, हा सिद्धांत काही खरा नव्हे.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट आहे. "आम्ही टाळ्या वाजविल्या, फुले उधळली, शाल दिली. आणखी काय करायचे? कृतज्ञता झाली." हाही टिकत नाही. कारण आशाताईंची अकरावी शाल समोर उभी आहे.

मग सिद्धांत काय? लहानपणी पाठशाळेत गुरुजींपाशी मीमांसेतील अर्थवादाचे प्रकरण शिकलो होतो. ते त्या रात्री आठवले. वेदात दोन प्रकारची वाक्ये येतात. एक विधी, म्हणजे 'अमुक करावे' असे सांगणारी, आणि दुसरी अर्थवाद, म्हणजे स्तुती करणारी. उदाहरणार्थ, ऐश्वर्य इच्छिणाऱ्याने वायुदेवतेस अमुक द्यावे हा विधी झाला, आणि वायू फार वेगवान आहे, ही स्तुती झाली. जैमिनींच्या सूत्रांत पूर्वपक्षी म्हणतो की, वेद हा कर्म सांगण्यासाठी आहे. ज्या वाक्यात काही करावयास सांगितलेले नाही, ते निरर्थक. वायू वेगवान असेना, मी करू काय? यावर उत्तर असे की, स्तुतीचे वाक्य एकटे उभे केले तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही, हे खरे. परंतु शेजारच्या विधीशी त्याची एकवाक्यता केली, म्हणजे दोहोंचे मिळून एकच वाक्य मानले की ते सार्थ होते. स्तुती मनुष्याला कर्माकडे ढकलते. वायू वेगवान आहे, म्हणून फळही लवकर देईल, म्हणून चल, ऊठ, कर्म कर.

माझ्या अल्पमतीप्रमाणे टाळीचा सगळा निवाडा एवढ्यात आला. टाळी हा अर्थवाद आहे. ती एकटी उभी राहिली की निरर्थक, आणि विधीशी जोडली गेली की सार्थ. म्हणून "टाळ्यांना अर्थ होता का?" हा प्रश्न २२ मार्चच्या सायंकाळकडे पाहून सुटणार नाही. त्यानंतर आपण काय केले, हे पाहावे लागेल. त्या सायंकाळचा अर्थ आपण पुढच्या दिवसांत घालावयाचा होता.

आता पुढचे दिवस पाहू. न्यायाने बोलावयाचे तर काही विधी घडले. रोग्यांची सेवा करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले. २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम निघाला, आणि साथीच्या काळात वैद्यकीय सेवेतील माणसांवर हात उगारणे हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. जबर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. पुढे त्याचा कायदाही झाला. हे चांगलेच झाले. परंतु वाचकहो, थाळ्या वाजवून एक महिना होतो न होतो तोच असा वटहुकूम का काढावा लागला, याचा विचार करा. थाळ्या वाजल्या रविवारी. मंगळवारी, २४ मार्चला, दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी गृहमंत्र्यांस पत्र लिहिले की, आम्हांला घरमालक घराबाहेर काढीत आहेत. दोन दिवसांत! हाताची झिणझिण जिरण्याआधी! एप्रिलात तर चेन्नईस कोरोनाने मेलेल्या एका डॉक्टरच्या दफनास गेलेल्या लोकांवर जमावाने दगडफेक केली.

दिल्ली-चेन्नईचे सांगून मी स्वतः सुटू पाहत नाही. माझ्याच आळीत एक परिचारिका भाड्याने राहत होती. रविवारी आळीने तिच्या नावाने थाळ्या वाजविल्या. बुधवारी तिला सांगण्यात आले की, आळीच्या नळावर पाणी भरावयाचे नाही आणि महिनाअखेर खोली सोडावयाची. ती कोणाशी भांडली नाही. रात्रपाळी करून आल्यावर ती लांबच्या नळावरून दोन कळशा आणीत असे. मी ओसरीवर पोथी घेऊन बसलेला असे. मला दिसत होते. माझा शब्द आळीत चालतो. मी तो उच्चारला नाही. भ्यालो होतो, दुसरे काय? माझे वय, माझा दमा, असली कारणे मनाशी मांडीत बसलो. ती खोली सोडून गेली, त्या दिवशीही मी पोथीतून मान वर केली नाही. हे पाप मी आज या पानावर लिहितो, कारण रविवारी माझ्या हातातली थाळी आळीत सर्वांत मोठ्याने वाजत होती.

'कृतज्ञ' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. शब्दात गोडगोड बोलणे नाही, हार नाही, शाल नाही. जाणणे आहे. आता सांगा, आपण काय जाणत होतो? अंगाला हवा लागू न देणारा तो पोशाख एकदा चढविला म्हणजे सहा-सहा, आठ-आठ तास पाणी पिता येत नाही, लघुशंकेस जाता येत नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? घरी गेल्यावर लेकराला जवळ घेता येत नाही, हे ठाऊक होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० पासून मे २०२१ पर्यंत जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्यसेवक या रोगाने गेले. एवढ्या माणसांनी आपल्यासाठी काय केले हे जाणण्याऐवजी आपण डोळे मिटून थाळी वाजविली. आणि जो जाणत नाही त्याला उलट बाजूस जाण्यास वेळ लागत नाही. केलेल्याचा जो घात करतो तो कृतघ्न. रविवारचा कृतज्ञ बुधवारी कृतघ्न कसा झाला, हे नवल नव्हे. रविवारी त्याने काही जाणलेलेच नव्हते.

आशाताईंचेच पाहा. 'आशा' ही योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. साधारण हजार वस्तीमागे एक बाई. गरोदर बाईची नोंद, लसीकरणाची आठवण, बाळंतिणीची विचारपूस, तापाच्या रोग्याचा पाठपुरावा, सगळे तिच्याकडे. परंतु कागदोपत्री ती नोकर नाही. ती 'स्वयंसेविका'. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. साथीत ती घरोघर फिरली. कित्येक दारे तिच्या तोंडावर लागली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील या बायांनी संप केला, तेव्हा मोबदल्यात थोडी वाढ मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. गौरवानंतर दीड वर्ष उलटले नाही तोच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या राज्यातील आशा पुन्हा संपावर होत्या. मोबदल्यात मोठी वाढ झाली ती मार्च २०२४ मध्ये. पुरस्काराने जे झाले नाही ते मैदानात बसल्याने झाले. इंग्लंडातही तेच. दहा गुरुवार टाळ्या ऐकलेल्या परिचारिकांना मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शेकडा एक टक्का पगारवाढ देऊ केली. तेव्हा त्यांच्या संघटनेने लोकांस सांगितले की, आता पुन्हा दारात या आणि टाळ्या वाजवा, पण सावकाश, निषेधाच्या. जुलैत तीन टक्के मिळाले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या परिचारिकांच्या शंभराहून जुन्या संस्थेने आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा संप केला. विधी न जोडलेल्या अर्थवादाची ही गत होते. तो ज्याची स्तुती करतो त्याच्याच मनाला टोचू लागतो.

येथे एक जुनी कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. देवांचे वैद्य अश्विनीकुमार. ऋग्वेदात त्यांची पन्नासाहून अधिक सूक्ते आहेत. आंधळ्याला डोळे दिले, लंगड्याला चालविले, म्हाताऱ्याला तरुण केले, बुडत्याला तारले, अशी स्तुतीच स्तुती. असे असता तैत्तिरीय संहितेत कथा येते की, एकदा यज्ञाचे मस्तक तुटले. देव घाबरले आणि अश्विनीकुमारांकडे धावले. "तुम्ही वैद्य आहात, हे जोडून द्या." अश्विनीकुमार म्हणाले, "देऊ, पण आम्हांला वर हवा. यज्ञात आमच्याही नावाचा सोमाचा पेला भरला जावा." मस्तक जुळले. काम झाले. मग देव काय म्हणाले? "हे वैद्य. हे माणसांत हिंडतात. हे अपवित्र." शेवटी त्यांना पावन करून घेऊन मगच त्यांचा पेला भरला गेला.

अश्विनीकुमारांनी काय मागितले, याकडे लक्ष द्या. आणखी एक स्तोत्र मागितले नाही. स्तोत्रांना तोटा नव्हता. त्यांनी पंक्तीतला वाटा मागितला. आणि देवांनी नाकारले तेही स्तोत्र नव्हे. माणसांत हिंडणारे, रोग्याला शिवणारे, म्हणून पंक्तीस नको, एवढेच त्यांचे म्हणणे. आमच्या धर्मग्रंथांतही ही तेढ उतरली आहे. मनुस्मृतीत वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे आणि त्याचे अन्न निषिद्ध अन्नांत घातले आहे. जीव वाचवायला तो हवा, पानाशेजारी तो नको. आमच्या आळीच्या नळावर जे घडले ते काही कोरोनाने नवीन आणले नव्हते. ते फार जुने होते, थाळीच्या आवाजात घटकाभर ऐकू आले नाही इतकेच. आणि वैद्याची ही कथा, तर वॉर्डात झाडू मारणाऱ्याची, मळकी चादर उचलणाऱ्याची, प्रेत गुंडाळणाऱ्याची काय असेल? त्यांना तर शालही क्वचितच मिळते.

महाभारताच्या वनपर्वात याच कथेचा उत्तरार्ध आहे. अश्विनीकुमारांनी च्यवन ऋषींना तारुण्य दिले. च्यवन मोठे ऋषी. त्यांना दोनचार श्लोक रचून मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. शर्याती राजाच्या यज्ञात त्यांनी अश्विनीकुमारांसाठी सोमाचा पेला हाती घेतला. इंद्र आडवा आला आणि त्याने वज्र उगारले. च्यवन हटले नाहीत. इंद्राचा हात जागच्या जागी थिजला आणि अखेर त्याला कबूल करावे लागले. याला म्हणावे कृतज्ञता! ज्याने माझे भले केले त्याला त्याचा वाटा मिळावा म्हणून मी वज्रासमोर उभा राहीन. आमच्या आळीत वज्र नव्हते, नुसता एक नळ होता.

आणखी एक गोष्ट. आपण डॉक्टर-परिचारिकांना देव म्हणतो. मीही म्हणालो. यात सन्मान वाटतो, पण घोटाळाही आहे. देवाला भूक लागत नाही, झोप येत नाही, पगार लागत नाही. ज्याला देव केले त्याच्या तहानभुकेचा विचार करण्यातून आपण मोकळे झालो. शिवाय देवाकडे गेलेला रोगी मरता कामा नये. तो मेला की देवाचा एका घटकेत राक्षस होतो आणि नातेवाईक काठ्या घेऊन दवाखान्यात शिरतात. हार घालणारा आणि दगड मारणारा पुष्कळ वेळा एकच असतो, कारण दोन्ही वेळा समोर माणूस आहे हे त्याला दिसलेले नसते. म्हणून त्यांना देव म्हणू नका. माणूस म्हणा. थकणारा, चुकणारा, घरी वाट पाहणारी लेकरे असलेला माणूस.

आता आपल्याच मंडळींकडून एक शंका येईल, आणि ती वजनदार आहे. "महाराज, सेवा ही निष्काम असावी. आपले संत काय मोबदला मागत होते? सेवेचे मोल मागितले की ती सेवा उरत नाही." खरे आहे. परंतु निष्कामता हे करणाऱ्याचे व्रत आहे. घेणाऱ्याने त्याची सबब करू नये. दारी आलेला अतिथी "काही नको" म्हणतो, हा त्याचा विनय. म्हणून यजमानाने खरोखरच त्याला उपाशी लावून दिले तर तो यजमान नव्हे. आम्ही 'सेवा' हा पवित्र शब्द घेतला आणि ज्यांना कमी द्यावयाचे त्यांच्या गळ्यात बांधला. सेविका, मदतनीस, स्वयंसेविका. ज्याला भरपूर मिळते त्याला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही, हे लक्षात घ्या. सेवा हा शब्द आपल्या जिभेवर रात्रंदिवस असतो, म्हणून या बाबतीत आपली जबाबदारी इतरांहून जास्त.

असो. नुसता दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. टाळीहून श्रेष्ठ कृतज्ञता आपल्या हातून घडलेलीही आहे, तीही सांगतो. २०२० ची आषाढी १ जुलैला आली. तोच दिवस डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ डॉक्टर-दिन म्हणून पाळला जातो. किती जणांच्या हे लक्षात आले असेल? त्या वर्षी पायी वारी नव्हती. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून मोजक्या मंडळींसह पंढरीस गेल्या. ज्यांची वारी साठ-साठ वर्षे चुकली नव्हती असे म्हातारे घरीच बसले, उंबऱ्यात उभे राहून त्यांनी पंढरीच्या दिशेने हात जोडले. काय झाले असेल त्यांच्या जिवाचे, ते त्यांनाच माहीत. पण त्यांच्या घरी बसण्याने कित्येक दवाखान्यांतील खाटा भरल्या नसतील. कोणी टाळी वाजविली नाही, कोणी ऐकलीही नाही. आवाज नसलेली ही कृतज्ञता विधीने पुरी भरलेली होती.

मग विधी कोणता? तो मोठा नाही. दवाखान्यात रोग्याबरोबर वीस माणसे घुसवू नयेत. नंबर लागेपर्यंत थांबावे, ओळखीचा हात पुढे करू नये. रोगी दगावला तर दुःख करावे, हात उगारू नये, आणि कोणी उगारीत असेल तर मध्ये पडावे. परिचारिकेला खोली नाकारली जात असेल तर शेजाऱ्याने पोथीतून मान वर करावी. उपकेंद्रात रात्री दिवा आहे का, पाणी आहे का, बाईमाणसाला आडोसा आहे का, हे पंचांनी जाऊन पाहावे. आशाताई आपला मोबदला मागण्यासाठी तहसिलीसमोर बसल्या तर त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहून द्यावेत. झाडूवाल्याचे नाव विचारावे. एवढे करून मग खुशाल टाळ्या वाजवाव्यात. त्या टाळीला ताल असेल. आपल्याकडे टाळकरी उगाच टाळ वाजवीत नाही. तो चाल ऐकतो, मृदंगाकडे पाहतो आणि मग आघात करतो. न ऐकता वाजविलेला टाळ कीर्तन बिघडवितो.

शेवटी त्या गावाचे सांगतो. महिन्याभराने मी मुद्दाम तेथे गेलो आणि पंचांस एकत्र बसवून हे सर्व, माझ्या आळीच्या नळासुद्धा, सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग एक तरुण म्हणाला, "महाराज, त्या दिवशी माझी गाडी मंडपाच्या दारातच होती." तेवढ्याने पुष्कळ झाले. उपकेंद्रावर आता रात्री दिवा असतो. पाण्याचे मात्र अजून व्हावयाचे आहे. पुढच्या सप्ताहात सत्कार करावयाचा की नाही, यावर मंडळींचे एकमत झालेले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

आशाताईंना भेटलो. वाडीवरची ती बाई सुखरूप सुटली, मुलगी झाली, असे त्यांनी सांगितले. मी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागलो, मीमांसा, अर्थवाद, अश्विनीकुमार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजे महाराज, टाळी वाजवा, पण ताटही वाढा, असंच ना?"

शास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. काल्याचा अर्थ तरी दुसरा काय आहे? सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करावयाच्या आणि सगळ्यांनी वाटून खावयाच्या. त्या दिवशी आमचा काला झाला, हंडी फुटली, पण जिचा सत्कार केला तिचा वाटा आम्ही मागे ठेवला नाही. पुढच्या वर्षी काल्याचे कीर्तन मजकडेच आहे. तिचे ताट आधी बाजूला काढून ठेवा आणि तिला न्यावयाला एक गाडी दारात उभी असू द्या, एवढेच मी आतापासून सांगून ठेवले आहे.

रामकृष्णहरी.